गादी वाचवायची आहे

सकाळी ६.३०

पैलवानाने रात्रीपासून काही खाल्लेलं नाही. वय बावीस. एरवी या वेळेला तालमीत बैठका मारून झालेल्या असतात आणि दुधाचा तांब्या तोंडाला लागलेला असतो. आज तो वाईतल्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात कॉटवर पाय लांब करून बसला आहे. जानेवारीची थंडी आहे, पण त्याच्या कपाळावर घाम आहे.

"पैलवान, कुठला गुडघा?"

"उजवा, डॉक्टर."

एमआरआयची फिल्म माझ्या हातातच आहे. तरीही विचारतो, आणि त्याने सांगितल्यावरच मार्करने उजव्या मांडीवर बाण काढतो. हाच प्रश्न त्याला सिस्टर विचारतील, भूल देणाऱ्या मॅडमही विचारतील. सुरी भलत्या पायावर चालू नये, यासाठी यापेक्षा खात्रीचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

सरावात जोडीदाराने एकेरी पट धरला. याचा पाय मॅटवर रोवलेला होता आणि अंग उलट्या बाजूला वळलं. आत काहीतरी 'कट्' झालं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मग तेलाचं मालीश झालं, गावातल्या हाडं बसवणाऱ्याकडे एक फेरी झाली. सूज उतरली, पण जिना उतरताना गुडघा अधूनमधून अडकायला लागला. तेव्हा तो माझ्याकडे आला.

या जिल्ह्यात कुस्ती घरोघरी आहे, आणि पैलवानांचे गुडघेही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरच्या ऑलिम्पिकला मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना मुकावं लागलं. त्या काळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया इथे नव्हती. आज ती तालुक्याच्या गावापर्यंत आली आहे.

सकाळी ७.३०

ऑपरेशनआधीचं बोलणं मी घाईत उरकत नाही. वडील समोर बसले आहेत. धोम धरणाच्या बाजूच्या एका गावात शेती आहे. गळ्यात तुळशीची माळ.

कागदावर चित्र काढतो. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. मध्ये अर्धचंद्राकृती दोन गाद्या, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. अशा गादीला आम्ही मेनिस्कस म्हणतो. दोन्ही हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, ती वेगळी कूर्चा. गादी तिचं रक्षण करते. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा जवळजवळ निम्मा भार गाद्या घेतात. गुडघा काटकोनात वाकला की तो वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे बैठक मारताना पैलवान बसतो तो या दोन गाद्यांच्या भरवशावर.

"मग फाटलेला तुकडा काढून टाका की," वडील म्हणतात. "आमच्या पाव्हण्याचा काढला होता. आठ दिवसांत चालाय लागला."

चालायला लागला असणारच. गादी काढलेला माणूस लवकर चालतो, म्हणून तर पाऊणशे वर्षं ती सर्रास काढली गेली. १८९७ साली ब्लँड-सटन या इंग्रज शल्यविशारदाने ही गादी म्हणजे पायाच्या स्नायूंचा बिनकामाचा अवशेष असल्याचं लिहून ठेवलं आणि वैद्यकाने ते खरं मानलं. १९४८ साली फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासले, तेव्हा हाडांमधली जागा कमी झालेली आणि कडा वाढलेल्या दिसल्या. आठ दिवसांत चालणारा माणूस काही वर्षांनी झिजलेला गुडघा घेऊन परत येत होता. गंमत अशी, की एडिंबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ सालीच एका खाणकामगाराची सुटलेली गादी टाके घालून परत बसवली होती. तिकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

"म्हणून शिवायची," मी सांगतो. "पण याची फाट साधी नाही. आडवी चीर आहे आणि तिला छेदणारी दुसरीही आहे. ती गादीच्या आतल्या भागापर्यंत गेली आहे. तिथे रक्त पोचत नाही."

मोठ्या माणसाच्या गादीत फक्त बाहेरच्या कडेला, रुंदीच्या जेमतेम १० ते ३० टक्के भागात, रक्तवाहिन्या असतात. अर्नोट्झकी आणि वॉरन यांनी १९८२ साली हे दाखवून दिलं. बाहेरची कड फाटली तर टाका धरतो. आत फाटली तर टाका जागेवर राहतो आणि जखम मात्र उघडीच राहते.

इथे कोलॅजन या प्रथिनाचा पडदा येतो. शिवलेल्या गादीला तो वरून आणि खालून लपेटायचा आणि आत पेशंटच्याच हाडातल्या मगजाचं रक्त सोडायचं. फाटीतून रक्त वाहून जाऊ नये, त्यातल्या पेशींना धरायला जागा मिळावी, इतकंच पडद्याचं काम. कारल्याच्या वेलाला मांडव घालतो तसं आहे हे. मांडवाला कारलं लागत नाही. पण मांडव नसेल तर वेल मातीत लोळतो.

आता न चुकता सांगायची गोष्ट. "हा पडदा डुकराच्या कोलॅजनपासून शुद्ध करून बनवतात. परदेशी बनावटीचा आहे, महाग आहे. नको असेल तर दुसरा मार्ग आहे. याचंच रक्त काढून घोटायचं, त्याची गुठळी फाटीत ठेवायची आणि टाके घालायचे. ती पद्धतही जुनी आणि मान्य आहे."

खोलीत शांतता. हा प्रश्न माळकऱ्याला विचारावा लागतो, मुसलमान पेशंटला विचारावा लागतो, जैन पेशंटला विचारावा लागतो. ऑपरेशन झाल्यावर कळणं म्हणजे फसवणूक. जळालेल्या जखमेवर आपल्याकडे सर्रास लावतात त्या कोलॅजन शीट किंवा टाक्यांचा जुना कॅटगटचा धागा, दोन्हींचा उगम प्राण्यांच्याच कातड्या-आतड्यांत आहे. तिथे कुणी विचारत नाही, म्हणून इथेही विचारू नये असं होत नाही.

वडील माळेवरून बोट फिरवतात. "माळ माझ्या गळ्यात हाय. गुडघा पोराचा हाय. त्याला इचारा."

पैलवान हो म्हणतो. दोघांच्या सह्या मराठीतल्या कागदावर घेतो.

सकाळी ९.३०

पुण्याहून येणारे सर सुरूर फाट्यावरून आत वळून वेळेत पोचले आहेत. दुर्बिणीच्या अवघड केसेस ते करतात, मी मदतीला उभा राहतो. मॅडमनी पाठीत भुलेचं इंजेक्शन दिलं आहे. मांडीला टूर्निके, म्हणजे रक्त रोखणारा पट्टा, बांधला. पैलवान जागा आहे आणि टीव्हीच्या पडद्यावर स्वतःचाच गुडघा बघणार आहे.

वाटीच्या खाली दोन बाजूंना सेंटीमीटरभराच्या दोन भोकांतून काम चालतं. एकातून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यारं. सलाईनने सांधा फुगवला की आतली जागा दिसू लागते. सर आधी सगळा गुडघा फिरून बघतात: वाटीची मागची बाजू, मधले लिगामेंट, बाहेरची गादी. सगळं ठीक. मग आतल्या अंगाची गादी. आकडी लावून उचलल्याबरोबर दोन्ही चिरा उघडतात. एमआरआयने सांगितलं होतं त्यापेक्षा फाट थोडी जास्तच आहे.

"काढली तर निम्मी जाईल," सर म्हणतात.

फाटलेल्या कडा रास्पने खरवडल्या जातात, म्हणजे त्या ताज्या होऊन जुळायला तयार होतील. मग टाके. प्रत्येक टाका गादीच्या तंतूंच्या दिशेचा विचार करून घालावा लागतो. गादीतलं कोलॅजन बहुतांश पहिल्या प्रकारचं असतं आणि त्याचे तंतू गोलाईत धावतात. भार आला की तेच ताणले जातात आणि गादी बाहेर सटकत नाही. आडवी चीर त्या तंतूंना थरांत वेगळं करते, दुसरी चीर त्यांना कापते. आपल्या पैलवानाच्या नशिबी दोन्ही आहेत.

टाके झाल्यावर पडदा. पाकिटातून काढला की तो कोरडा, पांढरा आणि कापायला सोपा असतो. एक बाजू गुळगुळीत आणि घट्ट विणीची, दुसरी खरखरीत. खरखरीत बाजू जखमेकडे. मोजून कापला, धाग्यात ओवला आणि नळीतून आत सरकवला. भिजलेला पडदा सांध्यात दुमडतो, गुंडाळतो, दुर्बिणीसमोर येतो. धीर इथे लागतो. सर गादीच्या खालून तो पसरवतात, वरून आणतात, टाके घेऊन लपेटतात. यातच बराच वेळ जातो.

शेवटी नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकातून सुईने थोडं मगजाचं रक्त काढलं आणि पडदा व गादी यांच्या मधे सोडलं.

लपेटून शिवायची ही पद्धत पोलंडमधल्या पोझनान शहरातले शल्यविशारद टोमाश पियोंतेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून करायला सुरुवात केली. २०१२ साली तिचं तंत्र त्यांनी प्रसिद्ध केलं. त्यांनी वापरलेला स्वित्झर्लंडच्या गाइस्टलिश कंपनीचा पडदा मुळात हाडावरच्या गुळगुळीत कूर्चेसाठी बनलेला. गादीला आवरण घालण्याची कल्पना त्याआधीचीच. अमेरिकेतले चार्ल्स हेनिंग स्नायूवरचं पातळ आवरण आणि रक्ताची गुठळी वापरत होते. पोझनानचे दोन वर्षांनंतरचे निकाल चांगले आहेत. तरी मोजक्या केंद्रांतल्या लहान गटांवर उभा असलेला हा पुरावा आहे. म्हणून प्रत्येक फाटीला पडदा लावत सुटणं बरोबर नाही. बाहेरच्या कडेची साधी उभी फाट नुसत्या टाक्यांनी भरून येते. तिथे पडदा लावला तर पेशंटच्या खिशावर भार, बाकी काही नाही.

दुपारी १२.१५

चहा आणि पोहे. सर निघायच्या तयारीत आहेत. विषय निघतो तो कोलॅजनच्या दुसऱ्या एका उपयोगाचा.

गादी आधीच कापून गेली असेल तर? त्या जागी बसवायला गुरांच्या घोट्यामागच्या शिरेपासून बनवलेला सच्छिद्र कोलॅजनचा तुकडा अमेरिकेत तयार झाला. स्टेडमन आणि रॉडकी यांचं हे काम. ३११ पेशंटांची चाचणी २००८ साली छापून आली. ज्यांची आधी शस्त्रक्रिया झालेली होती त्यांना फायदा दिसला, ताज्या दुखापतीवाल्यांना दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली आणि दोन वर्षांत ती द्यायला नको होती असं स्वतःच जाहीर केलं. युरोपात तो वापरात राहिला.

"नवीन सामान हातात आलं की आपल्याला सगळीकडे त्याचीच गरज दिसते," सर कप खाली ठेवत म्हणतात.

दुपारी १

ओपीडी. बाहेर बाकड्यावर जागा नाही.

पहिल्या काकी महाबळेश्वरच्या वाटेवरच्या गावातून आल्या आहेत. स्ट्रॉबेरीचा हंगाम जोरात आहे. सकाळपासून वाफ्यात उकिडवं बसून तोडणी. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. गावात कुणीतरी सांगितलं, गादी फाटली असेल, एमआरआय करा. मी गुडघा वाकवून, फिरवून बघतो. अडकत नाही, सैल नाही, सूज थोडीच. एमआरआय लिहीत नाही. मांडीचे व्यायाम शिकवतो आणि तोडणीला वीतभर उंचीचं स्टूल सरकवत न्यायला सांगतो.

"स्टूल नेलं तर मुकादम हसंल."

"हसू दे. त्याचे गुडघे दुखत नाहीत."

दुसरे काका विश्वकोश कार्यालयातून निवृत्त झालेले. सत्तरीजवळ आलेले. साताऱ्याला स्वतःहून एमआरआय करून आणला आहे आणि 'मेनिस्कल टेअर' या शब्दांखाली पेनने रेघ मारली आहे. कोलॅजनच्या पडद्याबद्दल वाचूनही आले आहेत.

त्यांना आकडे आवडतात, म्हणून आकडे सांगतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम इथे पन्नाशीपुढच्या ९९१ माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. २००८ साली छापलेल्या त्या अभ्यासात ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात काहीही दुखत नव्हतं. फिनलंडमध्ये तर झिजून फाटलेल्या गादीच्या १४६ पेशंटांपैकी काहींची गादी खरोखर छाटली आणि काहींचं ऑपरेशन केल्याचं नुसतं सोंग केलं. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. २०१३ सालची ही चाचणी.

"म्हणजे माझी फाट केसांच्या पिकण्याइतकीच?"

"साधारण तसंच. वजन थोडं कमी करा, गणपतीच्या घाटापर्यंत रोज चाला, आणि फिजिओकडे तीन महिने जा. तरी अडकायला लागला तर परत या."

काका रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवतात. त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसतं.

तिसरा पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. मोबाईलवर जाहिरात पुढे करतो. "सर, ही कोलॅजनची पावडर घेऊ का? गुडघ्याची गादी वाढते म्हणे." किंमत बघून मला त्याच्या बापाची आठवण येते. खाल्लेलं कोलॅजन पोटात गेलं की पचतं, त्याची अमिनो आम्लं आणि लहान तुकडे होतात. शरीर ते हवं तिथे वापरतं. ते थेट गुडघ्याच्या फाटीत जाऊन बसत नाही. पायाचं सूप, जेली आणि हा डबा, पोटात गेल्यावर तिघांची वाट एकच. सूप निदान चवीला चांगलं लागतं. त्याला मी पावडरऐवजी डाळ, अंडी आणि चांगले बूट सांगतो. घाट उतरताना पळू नको, चढताना पळ.

चौथा दुचाकीवरून पसरणी घाटात घसरलेला. याची गादी शाबूत आहे, पण मांडीच्या हाडावरच्या गुळगुळीत कूर्चेचा रुपयाएवढा तुकडा उडाला आहे. हा पुण्याला जाईल. तिथे हाडाला बारीक भोकं पाडून वर कोलॅजनचा पडदा बसवता येतो. किंवा पेशंटच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या खड्ड्यात भरता येतात. १९९४ साली स्वीडनमध्ये ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी ही वाट दाखवली. अशा पेशींच्या एका भारतीय उत्पादनाला २०१७ साली केंद्राच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली, आणि त्याची प्रयोगशाळा आपल्या लोणावळ्यात आहे.

संध्याकाळी ५

फिजिओथेरपीच्या खोलीत कबड्डी खेळणारी एक मुलगी आली आहे. तिचीही गादी शिवली, पडद्याशिवाय, कारण फाट बाहेरच्या कडेला होती. सहा आठवडे झाले. आज तिच्या गुडघ्यावरच्या ब्रेसचा कोन ९० अंशांच्या पुढे उघडायचा आहे.

ऑपरेशन दोन तासांचं, पण त्याचं यश या खोलीत ठरतं. पहिले काही आठवडे कुबड्या, ठरल्याइतकाच भार, ठरल्याइतकंच वाकवणं. मग हळूहळू पूर्ण भार, सायकल. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं चार-सहा महिने बंद. देवळात, पंगतीत, शेतात, संडासात खाली बसणाऱ्या समाजाला हा नियम सगळ्यात जड जातो. म्हणून घरी सोडण्याआधी मी नातेवाइकांना एकच विचारतो, घरी कमोड आहे का? नसेल तर प्लॅस्टिकची कमोडची खुर्ची घ्यायला लावतो. महागडा पडदा एका उकिडव्या बैठकीत फाटू शकतो.

मुलगी विचारते, "मैदानात कधी?"

"मांडीचा घेर दुसऱ्या पायाएवढा झाला, एका पायावर उडी मारून तोल राहिला, की मग बोलू. सहा महिन्यांच्या आत नाही."

रात्री ८

शेवटचा राउंड. पैलवानाची भूल उतरली आहे, पायाची बोटं हलतात, नाडी चांगली लागते, पोटरी मऊ आहे. ब्रेस सरळ. घोटा खालीवर हलवत राहायला सांगतो, म्हणजे पोटरीतलं रक्त साकळणार नाही.

"डॉक्टर, पडदा आत कायम राहणार का?" आईचा प्रश्न. त्या आत्ताच गावाहून आल्या आहेत.

"नाही. काही महिन्यांत शरीर तो विरघळवून टाकतं. तोवर याच्या स्वतःच्या पेशींनी तिथे नवीन धागे विणलेले असले पाहिजेत. ते विणले जातील याची हमी मी देत नाही. शिवलेल्या काही गाद्या पुन्हा फाटतात आणि दुसरं ऑपरेशन लागतं. पण गादी काढून टाकली असती तर ही संधीही राहिली नसती."

पैलवान छताकडे बघत विचारतो, "चैतात जत्रांचे फड लागत्याल. तवर?"

"यंदाच्या जत्रा तू बघायला जा. लढायला पुढच्या वर्षी."

वडील त्याच्याआधी मान डोलावतात. जोर मारायला परवानगी आहे, बैठकांना नाही. वस्तादांना मी स्वतः फोन करणार आहे, कारण पोरगा माझं ऐको न ऐको, त्यांचं ऐकेल.

रात्री ९.३०

फोन बंद करण्याआधी आजच्या केसची नोंद लिहितो: फाटीची जागा, टाके, पडद्याचं माप, ब्रेसचा कोन, पुढची तारीख. त्याखाली रोज कुणाला तरी सांगावं लागतं ते वाचकांनाही सांगून ठेवतो. तरुण वयात गुडघा मुरगळून सुजला, अडकायला लागला, तर तो चोळू नका, ओढून घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांच्या आत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ताजी फाट शिवायला सोपी असते. डॉक्टर तुकडा काढू म्हणाले तर आधी विचारा, शिवता येईल का? पडदा लावू म्हणाले तर विचारा, माझ्या फाटीला तो का लागतो, कशापासून बनलाय आणि किती रुपयांचा? पन्नाशीनंतर रिपोर्टमध्ये फाट दिसली म्हणून घाबरू नका, आधी तीन महिने मनापासून व्यायाम करा. आणि कोलॅजनच्या डब्यावरचे पैसे वाचवून घरात कमोड बसवा.